सिस्टरची सवय, गावाची तक्रार

उपकेंद्रातल्या सिस्टरबद्दल गावात दोन तक्रारी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, ती जागेवर नसते. दुसरी, जागेवर असली की लई छळते. पहिल्या तक्रारीवर ग्रामसभेत ठराव होतात, पंचायत समितीकडे निवेदने जातात, पेपरात बातमी येते. दुसरीवर फक्त पारावर हसणे होते. एखादी सिस्टर सुई टोचल्यावर अर्धा तास उठू देत नाही, एखादी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघितल्याशिवाय गोळी देत नाही, एखादीला वहीतला रकाना रिकामा दिसला की चैन पडत नाही. "बाईला नादच हाय तसा," असे म्हणून आपण मोकळे होतो.

हा नाद कशाचा, आणि त्यात आपला फायदा की तोटा, हे जरा बघितले पाहिजे. सपाटीवर ५ हजार आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. आष्टी, पाटोदा, शिरूरच्या डोंगरपट्ट्यात किंवा धारूर-वडवणीच्या वाड्या-तांड्यांवर गरोदर बाईपर्यंत आणि तान्ह्या लेकरापर्यंत आधी पोचते ती सिस्टर. डॉक्टर नंतर, स्पेशालिस्ट तर त्याहून नंतर. तेव्हा तिच्या हाताला कोणती सवय लागलेली आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

लसीकरणाचा दिवस घ्या. अंगणवाडीत बायका लेकरे घेऊन बसलेल्या असतात. सिस्टर लसीचा डबा उघडते, पण लगेच टोचत नाही. बाटली उचलते, उजेडाकडे धरते, लेबल वाचते. औषध सिरिंजमध्ये घेताना पुन्हा वाचते. बाटली खाली ठेवताना तिसऱ्यांदा. मागून कुणीतरी म्हणते, "बाई, रोजचंच हाय की ते, किती वाचायलाव?"

रोजचेच असते म्हणूनच वाचायचे असते. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पोलिओ मोहिमेच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी इथे १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर गेले. लेकरांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात हलवावे लागले. सुदैवाने सगळी वाचली. कोरोनाच्या दिवसांत सॅनिटायझरची बाटली टेबलावर आली होती आणि लसीची बाटली तर तिथे असतेच. पोलिओच्या बाटलीवर एक छोटे चित्र असते: गोल, आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेपर्यंत लस चांगली. चौकोनाचा रंग गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की लस उष्णतेने खराब झाली, ती टाकून द्यायची. हे चित्र बघायची ज्या हाताला सवय आहे, त्या हातात सॅनिटायझरची बाटली आली तर हात थांबतो, कारण तिच्यावर गोल-चौकोन नसतो. एवढी साधी गोष्ट आहे.

सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात डबा भरताना तर काही जणींचे वागणे अजूनच चमत्कारिक वाटते. फ्रीजरमधले बर्फाचे पॅक काढून त्या टेबलावर मांडून ठेवतात आणि घाम फुटेपर्यंत वाट बघतात. मग एकेक पॅक कानाशी नेऊन हलवतात. आत पाण्याचा आवाज आला तरच तो डब्यात जातो. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत असतो. आपल्याला वाटते, बर्फ जितका कडक तितके चांगले. पण पेंटा किंवा धनुर्वाताची लस गोठली की वाया गेली, मग ती वितळून पुन्हा पातळ झाली तरी उपयोग नाही. मेलेले सरकीचे बियाणे पिशवीत चांगल्या बियाण्यासारखेच दिसते, तसेच हे. फरक एवढाच की बियाणे उगवले नाही तर आठ-दहा दिवसांत कळते. लसीचे कळते ते लेकरू घटसर्पाने किंवा डांग्या खोकल्याने आजारी पडल्यावर. म्हणून लस २ ते ८ अंशांत ठेवायची आणि फ्रीजचे तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचे. रविवार असला तरीही.

बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या लसीवरून तर भांडणेच होतात. ही भुकटी पातळ करून घ्यावी लागते आणि एकदा पातळ केली की ४ तासांच्या आत संपवावी लागते. सिस्टर बाटलीवर वेळ लिहिते. दुपारी रानातून उशिरा आलेली माय बघते की बाटलीत औषध शिल्लक आहे, तरी सिस्टर ते फेकून देते आणि पुढच्या खेपेला बोलावते. "फेकून दिलं पण मपल्या लेकराला न्हाई दिलं," हे गाऱ्हाणे गावभर होते. त्या बाटलीत ४ तासांनंतर जंतू वाढू शकतात आणि असल्या जुन्या लसीने लेकरे दगावल्याच्या घटना देशात झालेल्या आहेत, हे कुणी त्या माउलीला सांगत नाही. सिस्टरनेही सांगायला हवे. नुसते "उशीर झाला, जा" म्हणणे बरोबर नाही.

आणि तो अर्धा तास. सुई टोचून झाली, लेकरू रडून शांत झाले, आता बसायचे कशाला? लाखांत एखाद्या लेकराला लसीची जोरदार ॲलर्जी येते. श्वास अडकतो, अंग थंड पडते. आली तर ती बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच येते. तेव्हा सिस्टरजवळच्या पेटीतले ॲड्रिनलिनचे इंजेक्शन लगेच द्यावे लागते. लेकरू मोटारसायकलवर अर्ध्या वाटेत असेल तर ते कोण देणार?

कार्डाचे वेड

आपल्या जिल्ह्यात सिस्टरचा सगळ्यात मोठा नाद म्हणजे कार्ड. जच्चा-बच्चा कार्ड हरवले म्हणून सांगितले की तिचा पारा चढतो. काही जणी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतात, वर दोरा बांधतात आणि दसऱ्याच्या आधी घरोघर फिरून विचारतात, "पेटीत टाकलं का?"

दसरा-दिवाळीला कोयता हालतो, हे वेगळे सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकाकडे जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडात राहतात. आता हिशोब करा. लेकराचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. ऑगस्टच्या मध्याला जन्मलेल्या लेकराचा तिसरा डोस नोव्हेंबर अखेरीस येतो, म्हणजे फडात. जे लेकरू जूनमध्ये जन्मले, त्याचा नऊ महिन्यांचा गोवराचा डोस मार्चमध्ये, तोही फडातच. तिथल्या कोप्यांवर तिथली सिस्टर येते, पण तिला या लेकराला काय दिले, काय राहिले हे सांगणार कोण? बापाला आठवत नाही, आईला "मांडीत दोन सुया" एवढेच आठवते. कार्ड असेल तर काम पाच मिनिटांचे.

इथे एक गोष्ट फडावर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. डोस चुकला, महिने उलटले, तरी पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. जिथे थांबले तिथून पुढे द्यायचे असते. "आता काय उपयोग" म्हणून कार्ड फेकून देऊ नये.

वहीचे वेडही याच जातीचे. पाळी चुकल्यापासून १२ आठवड्यांच्या आत गरोदर बाईची नोंद झालीच पाहिजे, असा काही जणींचा हट्ट असतो. त्यासाठी त्या दोन-दोनदा घरी येतात. घरच्यांना वाटते, टार्गेटसाठी येते. टार्गेट असतेच, ते नाकारत नाही. पण २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या, हेही आपणच वाचलेले आहे. तिसऱ्या महिन्यात वहीत असलेली बाई पाचव्या महिन्यात "मोकळी झाली" म्हणून सांगते, तेव्हा त्या वहीखेरीज विचारणारे दुसरे कुणी नसते.

मोजण्याचा नाद

लेकराला खोकला झाला म्हणून नेले, तर जुनी मुरलेली सिस्टर आधी औषध देत नाही. झबले वर करते, घड्याळ समोर धरते आणि लेकराच्या पोटाकडे बघत बसते. पूर्ण एक मिनिट. मध्येच लेकरू रडले की पुन्हा पहिल्यापासून. आजी वैतागते. "छातीत घुरघुर करायलंय, दिसत न्हाई का?"

घुरघुर सर्दीचीही असते. न्यूमोनिया ओळखायचा तो श्वासाच्या आकड्यावरून. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर ते धोक्याचे. बाळाचा श्वास एका लयीत नसतो, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे चालत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने फारसे न शिकलेल्या बायांनाही हे मोजता यावे म्हणून मण्यांची युक्ती काढली. एक मिनिटाची वाळू आणि दर दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. पुढे तिथल्या ३९ गावांत आरोग्यदूत बायांनी घरीच नवजात बाळांची काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे काम १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मोजण्याचा नाद अख्ख्या गावाला लावता येतो, याचे हे आपल्या राज्यातलेच उदाहरण.

बाळंतपणानंतरचेही असेच. बाळ झाले, वार पडली, बाळंतीण दमून झोपली. पण सिस्टर दर १५ मिनिटांनी येऊन पोटावर हात दाबून बघते. "झोपू द्या की तिला," म्हणून सासू ओरडते. ती बघते गर्भपिशवी टणक लागते की नाही. पिशवी मऊ पडली तर रक्त जाते, आणि ते अंथरुणात मुरते, पटकन दिसतही नाही. पहिले दोन तास सगळ्यात धोक्याचे. आपल्याकडच्या बायांच्या अंगात आधीच रक्त कमी. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या वर हवे, आणि ७ च्या खाली असले की थोडा रक्तस्रावही जीवावर बेततो.

दर दोन तासांनी

मोठ्या दवाखान्यात गेले की सवयी बदलतात. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात नातेवाइकांना सगळ्यात जास्त बोलणी बसतात ती पलंगावर बसण्यावरून. चादरीला सुरकुती पडली की सिस्टर येऊन ती ताणून बसवते. पेशंट झोपलेला असला तरी कुशीवर वळवते. आपल्याला ही टापटिपीची हौस वाटते. पण जो स्वतः हलू शकत नाही, त्याच्या पाठीखालची सुरकुती म्हणजे जखमेची सुरुवात. एकाच जागी भार पडून रक्त पोचत नाही, कातडी काळी पडते, मग फुटते, मग हाडापर्यंत जाते.

या सवयीचे जगाला सांगावे असे उदाहरण मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात घडले. अरुणा शानभाग ही तिथलीच परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका वॉर्डबॉयने तिच्यावर अत्याचार केला आणि कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला रक्त पोचले नाही. ती वाचली, पण पुन्हा उठली नाही. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन झाले, तोवर ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. ज्यांनी तिला चालता-बोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या. नंतर आलेल्या पोरींचा तर १९७३ साली जन्मही झाला नव्हता. त्यांनी हातात हात देत काम पुढे चालवले. भरवणे, पुसणे, कूस बदलणे, पाठ बघणे. महापालिकेने तिला दुसरीकडे हलवायचे ठरवले तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाच्या अर्जावर निकाल दिला, त्यात या परिचारिकांची तोंडभरून स्तुती आहे. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिच्या अंगावर एकही बेडसोर नाही, ही गोष्ट न्यायालयापुढे आली होती. दयामरणाच्या कायद्याचे काय व्हावे यावर मतभेद असतील. या हातांबद्दल नाहीत.

आपल्याकडे अर्धांगाचा झटका आलेला म्हातारा महिना-दोन महिन्यांत पाठ फुटून जातो आणि आपण म्हणतो, वय झाले होते. घरी खाटेवर कुणी पडून असेल तर दिवसा दर दोन तासांनी कूस बदला, माकडहाड, टाचा आणि खुबा रोज उजेडात बघा, अंथरूण कोरडे ठेवा. याला औषध लागत नाही, पाळी लावावी लागते. बारी देण्यासाठी आपण रात्री-अपरात्री मोटर चालू करायला उठतोच.

हात धुण्याच्या नादाबद्दल थोडे. १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने हट्ट धरला की मुडदे फाडून आलेल्या डॉक्टरांनी क्लोरिनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावायचा नाही. बाळंतिणींचे मरण झपाट्याने कमी झाले. तरी बड्या डॉक्टरांनी त्याला खुळ्यात काढले, आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळातच मेला. शहाणपणाला खूळ म्हणणे काही आपल्याच पारावर सुरू झालेले नाही.

सगळेच नाद चांगले नाहीत

काही सवयी निव्वळ गमतीच्या. चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यावर नाव लिहून सिस्टर ती कात्रीला, पेनाला, खुर्चीला, डब्याला चिकटवते. कात्री हरवली तर हिशोब तिला द्यावा लागतो, म्हणून हे. रात्रपाळीत "आज शांत आहे" असे कुणी म्हटले की वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर त्याच्याकडे खाऊ की गिळू बघतात; तसे म्हटले की पेशंटची रांग लागते, अशी समजूत. इंग्लंडमध्ये २०१९ साली एका रुग्णालयाच्या विभागाने हा शब्द मुद्दाम उच्चारून तपासले, कामात काही फरक पडला नाही. तरी कुणी म्हणत नाही. चालू द्या, त्याने कुणाचे बिघडत नाही.

काही नाद मात्र बिघडवणारे आहेत. रजिस्टर उघडा आणि बघा, पानभर सगळ्या बायांचे बीपी १२०/८०. गाव इतके निरोगी नाही. असले पान लिहायची सवय लागलेली सिस्टर कार्डावर कितीही सुंदर अक्षर काढो, झटके येण्याच्या बेतात असलेली गरोदर बाई तिच्या हातून निसटणारच. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, चापट मारणे, नको ते बोलणे, याला शिस्त म्हणत नाहीत. प्रसूतीच्या वेळी घरची एक बाई सोबत राहू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगितलेले आहे. बाळ लवकर यावे म्हणून पोटावर जोर देऊन दाबण्याची सवय तर घातकच. बाळ झाले की लगेच न्हाऊ घालायची घाईही नको. पहिले २४ तास थांबलेले बरे.

विचारण्याची सवय चांगली, पण चारचौघांत विचारण्याची वाईट. "पाळी कधी आली? पांढरं जातंय का?" हे अंगणवाडीच्या दारात मोठ्याने विचारले तर बाई पुन्हा येत नाही. ती मग तालुक्याच्या गावी जाते आणि पिशवी काढून येते. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींनी आधी सिस्टरला विचारले असते, जर दाराआड बोलायला जागा असती तर?

ही जागा देणे सिस्टरच्या हातात नाही. ग्रामपंचायतीच्या आहे. तपासणीच्या खोलीला पडदा, नळाला वाहते पाणी, बाळंतपणाच्या खोलीत रात्री उजेड. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला अबंधित निधी मिळतो, आरोग्य मिशनच्या मूळ निकषात तो वर्षाला १० हजार होता. सरपंच आणि ग्रामसेवकांनी पुढच्या बैठकीत त्याचा खर्च वाचून बघावा. बैठक उपकेंद्रातच घ्यावी आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा मान वर करून बघावे. त्याला सेकंदकाटा आहे का, असल्यास तो चालू आहे का. नसेल तर सिस्टर श्वास कशावर मोजते? सेल किराणा दुकानात मिळतो.